पगारवाढीच्या करारात कंत्राटी कामगारासाठी एक कलम तरी का नसावं?

सावळीकर:
गेल्या आठवड्यात आमच्या कारखान्यात (कुपवाड एमआयडीसी, नाव लिहीत नाही) युनियनचा तीन वर्षांचा करार झाला. कायम कामगारांना साडेनऊ हजारांची वाढ, शिवाय मागचा फरक. गेटवर गुलाल उधळला, पेढे वाटले. मलाही पेढा मिळाला. त्यांनी भांडून मिळवलंय, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

पण मी तिथल्याच फेटलिंग शॉपमध्ये (ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, घासून साफ करायचा विभाग) नऊ वर्षं ग्राइंडर धरतोय, ठेकेदारामार्फत. शेजारच्या स्टँडवर कायम कामगार. कास्टिंग तेच, टार्गेट तेच, धूळ तीच. त्यांच्या हातात एक्केचाळीस हजार पडतात. माझी हजेरी ५४० रुपये. २६ दिवसांचे १४,०४० होतात, त्यातून पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर गेला की बारा हजार पन्नास उरतात.

याहून जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. नऊ वर्षांत ठेकेदाराची फर्म तीन वेळा बदलली. मुकादम तोच, हजेरीवही ठेवणारा तोच, फक्त नाव नवं. दर वेळी नवा गेटपास आणि नवी रुजू तारीख. कागदावर माझी नोकरी आज सव्वा वर्षाची आहे. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागतात, ती माझी भरणार कधी? युनियनने करारात एवढंच घालावं: ठेकेदार बदलला तरी सेवा सलग धरायची. पगाराचं नंतर बघू.

कमिटीवाला:
भावा, मी दुसऱ्या कारखान्यात युनियनच्या कमिटीवर आहे. तुझं दुखणं खरं आहे, मागणी मात्र चुकीच्या दारात आलीय. मागच्या करारासाठी आम्ही बेचाळीस दिवस गेटबाहेर बसलो. तेव्हा कंत्राटी पोरं मागच्या गेटने आत जाऊन प्रॉडक्शन काढत होती. वर्गणी आमची, केसेस आमच्यावर. आणि टेबलावर तुमचं नाव काढलं की मॅनेजमेंट म्हणते, ती माणसं आमची नाहीत, ठेकेदाराशी बोला. २००१ च्या स्टील ऑथॉरिटीच्या निकालात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. एका कलमासाठी अख्खा करार सहा महिने लटकला तर आमच्या चारशे घरांनी काय करायचं?

सावळीकर:
दादा, आमच्याकडच्या संपात मागच्या गेटने आत गेलेल्यांत मीही होतो. मुकादम आदल्या रात्री घरी आला आणि म्हणाला, उद्या आला नाहीस तर गेटपास जमा कर. बायको सातव्या महिन्यात होती. त्या दिवशी गेटवर बसलेल्यांकडे मला बघवलं नाही. पण आमच्यामागे कोणी उभंच नसेल तर पुढच्या वेळीही मुकादम असाच घरी येईल. यात तुमचंही नुकसान आहे.

लेबर सप्लाय:
मी ठेकेदार आहे. शिव्या खायची सवय आहे, पण एक ऐका. बिल पंचाहत्तर दिवसांनी निघतं, पगार मात्र सात तारखेला करावा लागतो. आणि फर्म बदलायला बऱ्याचदा कंपनीच सांगते. मी नाही म्हटलं तर टेंडर दुसऱ्याला जातं. सलग सेवेची ग्रॅच्युइटी द्यायची तर ती रेटमध्ये धरायला हवी, आणि तो रेट कंपनीने मान्य करायला हवा. माझ्या खिशातून ती निघणार नाही.

मिरजेची ताई:
मी कॅन्टीनला आहे, ठेकेदाराकडेच. कायमवाल्यांना थाळी सहा रुपयांत, कंत्राटी माणसाला पंचेचाळीस. भात एकाच पातेल्यातला, एकाच डावाने मीच वाढते. पंचेचाळीस परवडत नाहीत म्हणून आमच्या बायका डबा आणतात आणि भांडी घासायच्या मोरीजवळ बसून खातात. कमिटीवाले रोज समोर जेवतात. यासाठीसुद्धा करार लटकणार आहे का, भाऊ?

कागदपत्रं सांभाळा:
चार कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे कॅन्टीन, पाणी, स्वच्छतागृह ही जबाबदारी आता मुख्य मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीवर आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तोही मुख्य मालकानेच द्यायचा. हे पगाराचं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं. एक गैरसमज मात्र काढून टाका: एका वर्षात ग्रॅच्युइटी ही मुदतबंद नेमणुकीसाठी (मालकाने थेट, ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या माणसासाठी) आहे. ठेकेदाराकडच्या माणसाला ती सरसकट मिळत नाही.

मार्केट यार्ड:
माझे वडील सांगलीच्या यार्डात हळदीची पोती वाहायचे. त्यांचा मालक दिवसातून तीनदा बदलायचा. सकाळी एका अडत्याकडे, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात. तरी साठाव्या वर्षी पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही हातात पडली. कारण १९६९ चा माथाडी कायदा. मजुरीवरची लेव्ही (मालकाने वर भरायची रक्कम) माथाडी मंडळात जमा होते आणि कामगाराची नोंदही मंडळाकडेच असते. मालक बदलला म्हणून सेवा तुटत नाही. यासाठी झगडलेले अण्णासाहेब पाटील आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यातले. पाठीवर पोतं घेणाऱ्याची सेवा सलग राहू शकते, तर ग्राइंडर धरणाऱ्याची का नाही?

कमिटीवाला:
ते मंडळ कायद्याने झालं, एका कारखान्याच्या करारातून नाही. हा फरक तुम्ही सोडून देताय. तरी ताईंचं वाचून लाज वाटली. आमच्याकडेही थाळीचा असाच फरक आहे, तो मी पुढच्या बैठकीत काढतो. सलग सेवेचा शब्द मी देणार नाही. आणि सावळीकर, निदान पुरावा आहे का तुझ्याकडे, नऊ वर्षांचा?

सावळीकर:
जुने तीन गेटपास मुकादमाने परत घेतलेत. पण आत्ता पीएफचं पासबुक उघडून बघितलं. चारही फर्म ओळीने दिसताहेत आणि सुरुवातीपासून आजपर्यंत एकही महिना कोरा नाही. उद्या पाळी सुटली की प्रिंट काढून आमच्या कमिटीकडे देतो. आणखी सतरा जण द्यायला तयार आहेत.