मदत हवी आहे: मॅग्नेट्रॉनचं एफएम अ‍ॅनोड करंटने करावं की इंजेक्शन लॉकिंगने?

नमस्कार मंडळी, एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रोजेक्टसाठी मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या मॅग्नेट्रॉनवर (मायक्रोवेव्ह तयार करणारी व्हॅक्यूम ट्यूब) काम करतोय, २.४५ गिगाहर्ट्झ, आउटपुट साधारण ८०० वॅट. त्याचं एफएम करायचंय, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीपासून ±५०० किलोहर्ट्झच्या आसपास सरकवायचं (डेव्हिएशन), मॉड्युलेशन ऑडिओचंच. अँटेना लावणार नाहीये, सगळी पॉवर वॉटर लोडमध्ये (ती शोषून घेणाऱ्या पाण्यात) जाईल.

कॉलेजच्या एक्स-बँड (१० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या) बेंचवर रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉन ही छोटी मायक्रोवेव्ह ट्यूब ज्यांनी हाताळलीय त्यांना माहीत असेल, तिच्या रिपेलर या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज जरा हलवलं की फ्रिक्वेन्सी सरकते आणि रिपेलर करंट ओढत नाही म्हणून साध्या ऑसिलेटरवर भागतं, पण तिथे पॉवर मिलिवॅटमधली. मॅग्नेट्रॉनला असा वेगळा इलेक्ट्रोडच नाही, फक्त कॅथोड आणि अ‍ॅनोड, त्यामुळे पुशिंगने (करंटबरोबर फ्रिक्वेन्सी सरकते, त्याने) काम करायचं तर अ‍ॅनोड करंट हलवायचा आणि करंट हलला की पॉवरही हलते, म्हणजे एफएमसोबत एएम (पॉवरची चढउतार) येणारच.

शिवाय ओव्हनचा मूळ सप्लाय हाफ-वेव्ह डबलर (एका डायोड-कपॅसिटरने व्होल्टेज दुप्पट करणारा), ट्यूब ५० हर्ट्झच्या दर सायकलमध्ये एकदाच चालते, करंट शून्यापासून वर जाऊन परत खाली येतो आणि त्याच्याबरोबर फ्रिक्वेन्सी फिरत राहते. तो सप्लाय तसाच ठेवून एफएमचा विचार करण्यात अर्थच नाही. म्हणून ४ केव्हीचा फिल्टर केलेला डीसी सप्लाय करतोय आणि तो कॉन्स्टंट करंट ठेवायचा विचार आहे, कारण ट्यूब चालू झाल्यावर व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं आणि थोडं वाढलं तरी करंट झपकन वाढतो. अ‍ॅनोड ग्राउंडला, त्यामुळे फिलामेंट (तोच कॅथोड) उणे ४ केव्हीवर, म्हणून फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळा आणि तेवढ्या इन्सुलेशनचा. कपॅसिटरला ब्लीडर (चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर) आहे, तरी डिस्चार्ज स्टिक लावल्याशिवाय कोणीही हात घालायचा नाही असा आमच्या लॅबचा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

दुसरा रस्ता इंजेक्शन लॉकिंगचा, सर्क्युलेटरमधून (आत जाणारा आणि बाहेर येणारा सिग्नल वेगळा ठेवणारा भाग) बाहेरचा एफएम सिग्नल आत सोडायचा, मग मॅग्नेट्रॉन त्याच्यामागे जातो आणि पॉवर फारशी हलत नाही. लॉकिंगच्या अ‍ॅडलरच्या १९४६ च्या सूत्राने हिशोब केला, एक्स्टर्नल क्यू (ट्यूब बाहेरच्या लोडशी किती सैल जोडली आहे त्याचा आकडा) २०० धरला आणि ८ वॅट आत सोडले तर लॉकची एकूण बँड सुमारे २.४५ मेगाहर्ट्झ निघते, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना १.२ च्या आसपास. ±५०० किलोहर्ट्झला फेज २४-२५ अंशांपर्यंत सरकेल, ते चालेल. पण ट्यूब तापली की तिची स्वतःची फ्रिक्वेन्सी खाली घसरते आणि मग एका बाजूचं मार्जिन संपतं, खरी काळजी त्याचीच आहे.

म्हणून मला वाटतं दोन्ही एकत्र करावं, घसरण हळू फीडबॅक लूपने अ‍ॅनोड करंट बदलून भरून काढायची आणि ऑडिओ फक्त इंजेक्शनमधून द्यायचा. लूपचा एरर सर्क्युलेटरच्या बाहेर येणाऱ्या सिग्नलच्या सरासरी फेजवरून घ्यायचाय.

कोणी प्रत्यक्ष केलंय का असं? लूपची बँडविड्थ किती ठेवली की ती ऑडिओच्या आड येत नाही? इंजिनिअर विल्यम ब्राऊन यांनी रेथिऑन या अमेरिकन कंपनीत दाखवलं होतं की ट्यूब सुरू झाल्यावर फिलामेंटचं व्होल्टेज बंद केलं तर नॉइज बराच कमी होतो, तर लॉक करताना फिलामेंट पूर्ण बंद करावं की थोडं चालू ठेवावं? आणि १ किलोवॅटचा डब्ल्यूआर-३४० (वेव्हगाइडचं माप) सर्क्युलेटर मुंबई-पुण्यात जुना मिळतो का, लॅमिंग्टन रोडला कोणाकडे विचारू? जाणकारांनी कृपया सांगा, सप्लायचा डायग्राम पहिल्या प्रतिसादात टाकतो.