कमांडने नेटवर्क इंटरफेस बंद करतानाचे अनुभव लिहा

रात्रपाळी:
आज टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, सर्व्हरचं दुसरं नेटवर्क कार्ड बंद करायचंय पण स्क्रीन वगैरे काहीच नाही, कसं करू? आणि एकदम आमची जुनी सीनियर आठवली. एसएसएचवरून (नेटवर्कने दुरून लॉगिन करून) इंटरफेस, म्हणजे नेटवर्क कार्ड, डाउन करायचा तर ती आधी परत यायची सोय करायची. लिनक्सवर आयपी लिंक सेट ईटीएच० (कार्डाचं नाव) डाउन, मग स्लीप ६० (६० सेकंद थांब), मग तेच अप, सगळं एका ओळीत, नोहपखाली (लॉगिन तुटलं तरी कमांड चालू ठेवतं). लाइन तुटली तरी मिनिटभरात मशीन हजर. मी अजून प्रत्येक नव्या माणसाला हेच आधी शिकवतो. तुमचंही येऊ द्या.

खिडकीवाला:
विंडोजवर नेटश इंटरफेस सेट इंटरफेस, पुढे नाव आणि ॲडमिन=डिसेबल्ड. प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणूनच उघडा. आणि लिनक्समधलं डाउन रीबूट केलं की जातं, हे जात नाही हं! रीस्टार्ट केल्यावर येईल या भरवशावर राहू नका

मध्यरात्र:
अप केल्यावर आयपी दिसतो म्हणून खूश होऊ नका. एका ठिकाणी गेटवेला (बाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग जातंय, बाहेर काहीच नाही, दोघं केबल काढून घालून दमले होते. आयपी रूट (रूट म्हणजे रस्त्यांची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर डिफॉल्टची, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्याची, ओळच गायब!! हाताने टाकलेले रूट डाउनबरोबर उडतात, आयपीव्ही६चे पत्तेसुद्धा

शटनोशट:
सिस्कोच्या राउटरवर आधी रीलोड इन १० (१० मिनिटांनी रीबूट) द्यायचं, मग सेव्ह न करता शट (इंटरफेस बंद). अडकलात तर राउटर जुन्या कॉन्फिगवर उठतो, जमलं तर रीलोड कॅन्सल. ज्युनिपरचं कमिट कन्फर्म्ड मला त्याहून आवडतं, १० मिनिटांत पक्कं केलं नाही तर आपणहून मागे जातं, रीबूट पण नाही

टर्मिनलवाली:
मुलाला आणायला निघालेय, रात्री सविस्तर लिहिते. तोवर एवढंच, लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर (नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर एनएमसीएलआय डिव्हाइस डिसकनेक्ट वापरा, ऑटोकनेक्टही थांबतं

जुनाखेळाडू:
इफकॉन्फिग (आयपी लिंकच्या आधीची जुनी कमांड) डाउन कोणीच नाही म्हणालं? बोटं अजून तिकडेच जातात

मध्यरात्र:
@जुनाखेळाडू आमच्या नव्या मशीनवर नेटटूल्सच (इफकॉन्फिग ज्यात येतं ते) नाही. आणि ईटीएच०ची पण ईएनपी३एस० झालीयेत, आधी आयपी लिंक मारून नाव बघायचं मगच हात लावायचा

खिडकीवाला:
@रात्रपाळी ती ओळ नोहपऐवजी टीमक्समध्ये (लाइन तुटली तरी सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवली तर चालेल ना?

रात्रपाळी:
चालेल की, सेशन मशीनवरच राहतं. फक्त तिन्ही कमांड एकाच ओळीत द्या, डाउन मारून मग पुढचं टाइप करायला लाइनच नसते