मदत हवी आहे: वाचनालयाच्या वायफायचं लॉगिन पान अँड्रॉइडवर आपोआप उघडत नाही

वाचनवेडा:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून येऊन बसतात, त्यांच्यासाठी समितीने वायफाय घेतलंय. ग्रंथपाल मॅडम कूपन क्रमांकाची चिठ्ठी देतात, तो क्रमांक लॉगिन पानावर टाकला की नेट सुरू, अशी सोय.

अडचण अशी की आयफोनवर वायफाय जोडलं की पान लगेच समोर येतं. बहुतेक अँड्रॉइड फोनवर येत नाही. 'साइन इन करा' अशी सूचनाही वर दिसत नाही. एक-दोन कंपन्यांचे अँड्रॉइड मात्र व्यवस्थित पान दाखवतात, त्यामुळे डोकं आणखीच चक्रावलंय. राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाकला तर पान येतं, म्हणजे पान जागेवर आहे. नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं, फोन बंद-चालू केले, काही फरक नाही. मुलं म्हणतात गूगल चालतं पण व्हॉट्सॲप जात नाही, तेव्हा लाइन बहुधा ठीक असावी.

ज्यांनी हे बसवून दिलं ते आता फोन उचलत नाहीत. मॅडम दिवसभर प्रत्येकाला तो आकड्यांचा पत्ता सांगून वैतागल्यात. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

मुळामुठा:
राउटरमध्ये एचटीटीपीएस रीडायरेक्ट (सुरक्षित साइटची मागणीही लॉगिन पानाकडे वळवणं) नावाचं काही असेल तर चालू करून बघा. मुलं कुठलीही साइट उघडतील आणि आपोआप पानावर जातील.

सह्यकडा:
मुळामुठा, ते नको. हल्ली जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत. मध्येच राउटर उत्तर द्यायला लागला की ब्राउझरला साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र जुळत नाही आणि 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा येतो. तो ओलांडून पुढे जायची सवय आपणच मुलांना कशाला लावायची?

वाचनवेडा, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, 'गूगल चालतं पण व्हॉट्सॲप जात नाही', घोळ बहुतेक तिथेच आहे. कूपन न टाकता गूगल चालायलाच नको.

फोनला लॉगिन पान आहे हे कळतं कसं, ते आधी बघा. वायफाय जोडलं की फोन गुपचूप एका ठरलेल्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर विचारणा करतो. अँड्रॉइडचा नेहमीचा पत्ता कनेक्टिव्हिटीचेक डॉट जीस्टॅटिक डॉट कॉम, पुढे स्लॅश जनरेट अंडरस्कोर २०४. तिथून रिकामं २०४ उत्तर ('ठीक आहे, मजकूर नाही' याचा क्रमांक) आलं की फोन समजतो, मधे कोणी अडवत नाही. त्याऐवजी दुसऱ्या पानाकडे वळवलं गेलं किंवा भलतंच पान हातात आलं, तर फोन समजतो की इथे लॉगिन आहे आणि सूचना देतो. गूगल डॉट कॉमवर एचटीटीपीएसनेही अशीच एक विचारणा जाते. आयफोन कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉमला विचारतो आणि 'सक्सेस' एवढाच शब्द असलेल्या पानाची वाट बघतो. काही अँड्रॉइड कंपन्या स्वतःचा वेगळा पत्ता वापरतात. तुमचे ते एक-दोन शहाणे फोन त्यातलेच असावेत.

आता राउटरच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'वॉल्ड गार्डन' शोधा. लॉगिनआधीच मोकळ्या सोडलेल्या साइट्सची यादी असते ती. त्यात गूगल किंवा जीस्टॅटिक आहे का? असेल तर अँड्रॉइडला लॉगिनआधीच २०४ मिळतं आणि सूचना येतच नाही.

वाचनवेडा:
आहे! दोन्ही आहेत, पुढे फुली लावून, म्हणजे त्यांचे सगळे उपपत्ते मोकळे. लॉगिन पानावर 'गूगलने साइन इन करा' असं बटण आहे आणि पानाची अक्षरंही गूगलच्या फाँटमधली आहेत, म्हणून टाकलं असावं. पण काढलं तर बटण बंद पडेल ना?

सह्यकडा:
पडू द्या. लॉगिनसाठी फोन जी छोटी खिडकी उघडतो तो पुरता ब्राउझर नसतो, आणि ॲपमधल्या अशा खिडकीत गूगल स्वतःचं साइन इन चालूच देत नाही, सरळ नकार देतं. तुमचं काम कूपनवर भागतंय, बटण शोभेचं आहे. फाँटच्या फाइली राउटरवरच ठेवा, मराठीसाठी एक फाँट पुरे. मग दोन्ही ओळी काढा.

काढण्याआधी आणि नंतर, लॉगिन न करता, लॅपटॉपवरून त्या जनरेट २०४ पत्त्याला कर्ल कमांडने (ती पत्त्याकडून आलेलं उत्तर जसंच्या तसं दाखवते) विचारून बघा. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी लिहा, एचटीटीपीएस नाही.

वाचनवेडा:
केलं. आधी '२०४ नो कंटेंट' येत होतं. ओळी काढल्यावर '३०२ फाउंड', म्हणजे दुसरीकडे वळवलं, आणि खाली लोकेशनपुढे आपल्याच लॉगिन पानाचा पत्ता. माझा फोन जोडला तर लगेच 'वायफाय नेटवर्कमध्ये साइन इन करा' वर आलं. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या भिंतीवरचा त्या पत्त्याचा कागद आता फाडू का!

एकाच मुलीचा अँड्रॉइड अजून अडलाय. कूपन टाकूनही 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर उपलब्ध नाही' असं काहीतरी म्हणतो.

तारेवरची:
डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. तिने जाहिराती अडवायला प्रायव्हेट डीएनएसमध्ये कुठला तरी पत्ता भरून ठेवला असणार. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. ती ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (नेटवरच्या ठरावीक दारातून) चालते आणि तुमच्या राउटरवर ते पोर्ट लॉगिननंतरही बंद दिसतंय. पत्ता नाव देऊन पक्का केला असेल तर फोन दुसऱ्या डीएनएसकडे वळत नाही, अडूनच बसतो. तिला 'ऑटोमॅटिक' करायला सांगा. किंवा लॉगिन झालेल्यांसाठी पोर्ट उघडा, ते जास्त बरं. तिच्या फोनमध्ये आपण का हात घालायचा?

सह्यकडा:
सहमत. आणि राउटर पुढे कधी बदललात तर डीएचसीपीचा (जोडलेल्या फोनला राउटर नेटवर्कची माहिती देतो ती पद्धत) ११४ क्रमांकाचा पर्याय देणारा बघा. लॉगिनची माहिती कुठे मिळेल तो पत्ता राउटरच फोनला सांगतो, अंदाज बांधायची भानगड नाही. त्याचं मानक २०२० मध्ये आलं, अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासून फोन ते ओळखतात. फक्त त्या पत्त्याला खरं एचटीटीपीएस प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तेवढ्यासाठी आत्ता खर्च करू नका.

वाचनवेडा:
पोर्ट उघडलं, तिचाही फोन चालू झाला. सगळ्यांचे आभार. प्रमाणपत्राचं समितीच्या बैठकीत मांडून बघतो, पण आधी पंख्यांचा विषय आहे.