तान्हा पोळा: वॉकर धरून नंदीबैल ओढायचा कसा?

मानेवाडावाली:
मुलगा आठ वर्षांचा, सीपी आहे (सेरेब्रल पाल्सी; त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे पाय कडक राहतात), रिव्हर्स वॉकरवर चालतो. लहान होता तेव्हा तान्ह्या पोळ्याला (लेकरं चाकांचा लाकडी नंदीबैल ओढत घरोघरी जातात तो सण) बाबागाडीत बसून नंदीची दोरी धरायचा, अख्खी गल्ली फिरायचा. मग बाबागाडीत मावेना, मागच्या वर्षी पायाचं ऑपरेशन, प्लास्टर, दोन पोळे गॅलरीतूनच पाहिले त्यानं. खाली पोट्टे बोजारा (नंदी घेऊन आलेल्या लेकरांना देतात ते पैसे, खाऊ) मागत फिरायचे अन् हा आत जाऊन बसायचा. यंदा स्वतःच म्हणून राह्यला, आई मी ओढणार. पण दोन्ही हात वॉकरवर, दोरी धरणार कशी? कमरेला बांधू का? शेजारची ताई म्हणाली घरीच राहू द्या, बोजारा आम्ही आणून देऊ. चांगल्या मनानंच बोलली ती, पण मला रात्रभर झोप नाही आली.

फिजिओ_नागपूर:
कमरेला अजिबात नको ताई. नंदी कुठं अडकला की कमरेला झटका बसेल, तोल जाईल. रिव्हर्स वॉकरची फ्रेम पाठीमागं असते, तेच इथं कामाचं आहे. दोरी मागच्या फ्रेमला बांधा अन् जितकं खाली जमेल तितकं खाली, वर बांधलं तर वॉकर मागं कलू शकतो. नंदी हलका घ्या. एएफओ (घोट्याला आधार देणारा स्प्लिंट) अन् बूट घालूनच न्या, दोन-तीन घरं झाली की खुर्चीवर बसवा, थकल्यावर पाय जास्त कडक होतात. अन् मारबतीच्या (त्याच दिवशी निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या) गर्दीकडे नका नेऊ, ढोल-फटाक्यांनी दचकून अंग ताठतं, संध्याकाळी आपली गल्लीच बरी. आधी चार दिवस घरात प्रॅक्टिस करा.

रेशीमबागवाला:
माझी मुलगी पण वॉकरवर आहे म्हणून सांगतो, दोरी नका बांधू, उतारावर नंदी घरंगळत येऊन टाचेवर आदळतो. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना सैल फास, एक वॉकरला, एक नंदीला, म्हणजे वळताना पण त्रास नाही. सिमेंट रोडवर मस्त चालते, गट्टू (पेव्हर ब्लॉक) आले की लाकडी चाकं अडकतात, तिथं मोठी रबरी चाकं लावून घ्या. अन् एक रिकामी दोरी नंदीच्या वेसणीपासून हँडलपर्यंत आणा, त्याच्या मुठीत राहू द्या. ओढायचं काम पाइप करेल, पण लेकराला दोरी हातात लागते. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये हा सण लेकरांसाठीच सुरू केला ना, मग आपलं लेकरू गॅलरीत काऊन उभं राहावं?

नंदनवनची_मावशी:
गल्लीत आधी सांगून ठेवा की पायऱ्या आहेत तिथं गेटवर येऊन टिळा लावा. अन् सगळ्यांना दहाची नोट तर त्याला पण दहाचीच. कीव करून पन्नास दिले की लेकरांना बरोबर समजते.

मानेवाडावाली:
झाला काल! आठ घरं केली!! सासऱ्यांचा सागवानी नंदी फार जड, म्हणून महाल भागातल्या बाजारातून छोटा आणला, पाइप लावला, दोरी मुठीत. पाचव्या घराशी चाक निसटलं तर पोट्ट्यांनीच थांबून बसवून दिलं, मग एकानं मागून वॉकर ढकलला तर हा ओरडला, "हात नको लावू बे, मीच ओढून राह्यलो!" मी गेटला धरून रडली, सांगायला लाज नाही. बोजारा ऐंशी रुपये, एक पेन अन् चॉकलेट, पैसे तीनदा मोजले. नंदी अजून वॉकरलाच आहे, सोडू देत नाही, सकाळी ब्रश करायलाही त्याला घेऊनच गेला.