मदत हवी आहे: मंत्र्यांचं प्रगतीपुस्तक काढायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, रामबागेतली. आमच्या बगीच्यात रोज सकाळी बाबांचा रिटायर लोकांचा ग्रुप जमतो, फिरणं कमी पोहे-जलेबी जास्त, आणि आता त्यांनी ठरवलंय की मंत्र्यांचं प्रगतीपुस्तक काढायचं, काय बोलले कधी बोलले झालं का, आणि मला टायपिंग येतं म्हणून काम माझ्या गळ्यात.

कारण आमचा दवाखाना. दोन पावसाळ्यांपूर्वी भोपाळहून एक मंत्री आले (नाव मुद्दाम टाकत नाही, इथे लगेच पक्षांवरून जुंपते), नारळ फोडला, माइकवर सांगितलं 'छह महीने में चालू'. शेजारच्या काकांकडे व्हिडिओ आहे. आज तिथे बोर्ड आहे आणि बोर्डाखाली पताशेवाला (आमच्याकडे पाणीपुरीला पताशे म्हणतात). पताशे चांगले असतात, ते सोडा. मधे त्या मंत्र्यांचं खातं बदललं, आता विचारलं की उत्तर मिळतं 'वो तो पुराने मंत्रीजी ने बोला था'.

मला राग कशाचा येतो सांगू? आपल्या एमपीत 2010 पासून लोकसेवा गारंटी कायदा आहे, दाखला वेळेत नाही दिला तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, 5000 पर्यंत दंड. म्हणजे बाबू लेट झाला की मीटर चालू, आणि मंत्री लेट झाला तर पुढच्या भूमिपूजनाला परत हार!

एक काका म्हणतात आपल्याकडे नगरपालिकेच्या अध्यक्षाला मधेच काढायचं मतदान असतं ना, 'खाली कुर्सी भरी कुर्सी' वालं, तसं मंत्र्याचं होतं का? आणि माहिती अधिकार टाकायचा तर त्यात नेमकं काय लिहायचं? कोणी केलंय का असं काही?

फाईलवाला: ताई, खाली कुर्सी विसरा, आमदाराला मधेच परत बोलवायची सोय आपल्या देशात नाही. कागदावर मंत्री राज्यपालांच्या मर्जीने असतो, म्हणजे खरं तर मुख्यमंत्र्यांच्या. आणि राज्यघटनेच्या कलम 164 प्रमाणे सगळं मंत्रिमंडळ मिळून विधानसभेला जबाबदार, एकटा कोणी नाही. अर्जात 'का नाही झालं' लिहू नका, कारणं विचारली की टोलवतात. कागद मागा: दवाखान्याची प्रशासकीय स्वीकृती (म्हणजे कामाला सरकारची लेखी मंजुरी), टेंडर, वर्क ऑर्डर, बजेटमधली तरतूद, सगळ्याच्या प्रती. फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. प्रशासकीय स्वीकृतीच नाही असं लेखी आलं ना, की तुमच्या प्रगतीपुस्तकाचं पहिलं पान तयार, कारण मग नारळ कशाचा फोडला होता?

गॅलरीतून: स्टेजवरचं भाषण आश्वासनात धरत नाहीत. तेच मंत्री सदनात 'करू' म्हणाले तर ते शासकीय आश्वासन, त्यावर नजर ठेवायला विधानसभेची वेगळी समिती असते, आणि ते खात्याला चिकटतं, माणसाला नाही, त्यामुळे पुराने मंत्रीजी वगैरे चालत नाही. म्हणून कोणा आमदाराला पकडून प्रश्न लावून घ्या. मंत्री स्वतः प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे आमदारच मंत्री असेल तर शेजारच्या मतदारसंघातला बघा. 2023 ला तुमच्या जिल्ह्यातल्या 9 च्या 9 जागा एकाच पक्षाला गेल्या हे माहितीये, पण सत्ताधारी आमदारही प्रश्न लावू शकतो, लाजतात एवढंच.

पेठेतला: मनसेने मार्च 2020 मधे शॅडो कॅबिनेट काढली होती, खात्याखात्यावर लक्ष ठेवायला माणसं नेमली होती. तुमच्या काकांनाही खाती वाटून द्या की.

मी: पेठेतला, नको हो, गृहखात्यावरून ग्रुपच फुटेल 😄 फाईलवाला आणि गॅलरीतून, खूप धन्यवाद, आमदाराकडे बाबा रविवारी जाणारेत. अर्ज हिंदीतच लिहिते, मराठी इथे चालणार नाही. काकांनी कच्चा मसुदा दिलाय, पहिलाच मुद्दा 'शर्म नहीं आती क्या', तो कापतेय. आता फक्त एवढं सांगा, अर्ज भोपाळला मंत्रालयात पाठवू की इथे जिल्ह्याच्या ऑफिसात देऊ?

फाईलवाला: इथेच द्या. कागद त्यांच्याकडे नसतील तर 5 दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम आहे, माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(3). पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.