टीएमधून बोलावणं आलंय आणि कंपनी राजीनामा मागतेय, काय करू?

प्रश्न (नाईक_कोल्हापूर):
नमस्कार. मी टीएत, म्हणजे प्रादेशिक सेनेत नाईक आहे. एरवी एका खासगी कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो. बटालियनकडून एम्बॉडीमेंटची, म्हणजे पूर्णवेळ लष्करी सेवेत हजर होण्याची, ऑर्डर आली आहे. युनिट आणि तारखा इथे लिहीत नाही.

वार्षिक ट्रेनिंगला कंपनी आजवर कुरकुरत का होईना सोडायची. या वेळी एचआरने टाइप केलेला राजीनामाच पुढे ठेवला. टीएच्या बटालियन सेवेला बोलावण्याबद्दलच्या संरक्षण मंत्रालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशाची बातमी त्यांनी वाचली आहे, त्यात फेब्रुवारी २०२८ पर्यंतची मुदत आहे. म्हणतात, "तीन वर्षं जागा अडवून ठेवता येणार नाही. सही करा, परत आलात की बघू." आमचे सुपरवायझर भले माणूस, तेही म्हणतात वाईटपणा घेऊ नकोस.

जायला मी तयारच आहे, त्यासाठीच भरती झालो. काळजी आहे ती परत आल्यावरची. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी पहिलीत आहे. कायद्यात आमच्यासाठी खरंच काही आहे का?

उत्तर १ (निवृत्त_सुभेदार):
सही करू नकोस. बाकीचं नंतर वाच, आधी हे.

प्रादेशिक सेना कायदा १९४८ चा आहे. त्यातलं कलम ७अ तुझ्यासाठीच आहे. कलम ७ खाली लष्करी सेवेला बोलावलेला माणूस सेवा संपवून परतला की त्याला पुन्हा कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तेही कसं? मधे खंड पडलाच नसता तर ज्या अटी मिळाल्या असत्या, त्यापेक्षा कमी नसलेल्या अटींवर. म्हणजे मधल्या काळात तुझ्या बरोबरीच्यांना पगारवाढ मिळाली असेल तर ती तुलाही मागता येते.

अनेक एचआरना ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे. हे कर्तव्य टाळण्यासाठी मालकाने आधीच नोकरी संपवली, तरी तो सुटत नाही. आणि बोलावण्याची ऑर्डर निघाल्यानंतर काढलं असेल, तर हेतू टाळाटाळीचाच होता असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं. आता विचार कर, तुझ्याकडून राजीनामा का हवाय? स्वतःहून सोडलंस की "आम्ही काढलंच नाही" म्हणायला ते मोकळे. माझ्या युनिटमधला एक हवालदार असाच भिडेखातर सही करून आला होता. ड्युटी उत्तम केली पोराने, पण परतल्यावर त्याच्या हातात सांगायला काही उरलं नव्हतं. शेवटी दुसरीकडे कमी पगारावर लागला. तो अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

आणि ते तीन वर्षांचं. १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ ही त्या आदेशाची मुदत आहे. ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करता येतील, तेही पैशाची तरतूद असेल तर, असं त्यात म्हटलंय. प्रत्येक जवान तेवढा काळ बाहेर राहणार असा त्याचा अर्थ नाही. अ‍ॅडज्युटंट साहेबांना, म्हणजे बटालियनचं प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला भेट, कंपनीच्या नावाने युनिटच्या लेटरहेडवर पत्र माग. साध्या जवानाच्या तोंडी बोलण्यापेक्षा त्या कागदाचं वजन वेगळं असतं.

युनिटचं नाव लिहिलं नाहीस, शाबास. तसंच ठेव.

उत्तर २ (एचआरवाली):
दादा, मी स्वतः एचआरमध्ये आहे. तुमच्या लोकांना बहुतेक कायदा माहीत नसावा. मशीन रिकामं राहील ही त्यांची अडचण खरी आहे, पण त्यावर ठराविक मुदतीच्या करारावर माणूस घेता येतो. तुमचा राजीनामा हा त्यावरचा उपाय नाही.

आजच ईमेल करा: ऑर्डरची प्रत जोडा, "लष्करी सेवेसाठी जात आहे, सेवा संपताच रुजू होईन, राजीनामा देत नाही" असं स्पष्ट लिहा. छापील प्रतीवर पोच घ्या. पीएफ काढण्याचा फॉर्म कोणी पुढे केला तर भरू नका. कलम ७ब मध्ये पीएफसारख्या निधीतल्या हक्कांनाही संरक्षण आहे.

उत्तर ३ (वकील_सातारा):
सुभेदार साहेबांनी कलम बरोबर सांगितलं, पण त्याची मर्यादाही कळायला हवी. मालकाने परत घ्यायला नकार दिला तर प्रकरण नियमांत ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. तो कामावर घ्यायला लावू शकतो, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम द्यायला लावू शकतो किंवा कारण पटलं तर मालकाला सूटही देऊ शकतो. आदेश मोडल्यास दंड हजार रुपयांपर्यंत. इतक्या वर्षांत हा आकडा वाढायला हवा होता, जवानांवर हा अन्यायच आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून भांडण तिथवर जाऊच न देणं चांगलं. कागद आत्ताच पक्के करा.

नाईक_कोल्हापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल केला, पोच घेतली. कलमाची प्रत पाहून एचआर मॅडम म्हणाल्या, मालकांशी बोलून लेखी देते. साहेब, अ‍ॅडज्युटंट साहेबांकडे सोमवारी जातोय. हप्त्याचं काय करावं?

निवृत्त_सुभेदार:
एम्बॉडी असेपर्यंत तुला हुद्द्याप्रमाणे नियमित सैन्याचाच पगार आहे. तो ज्या खात्यात येईल तिथून हप्ता वळवून घे, आणि बँकेत निघण्याआधीच जा. पहिला पगार यायला उशीर झाला तर, म्हणून एक हप्ता घरात वेगळा काढून ठेव. वहिनींकडे ऑर्डरची, ईमेलची आणि पोचेची एकेक प्रत दे.