पाझर तलावात राडारोडा टाकतायत, तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

नमस्कार मंडळी, कायद्यातल्या जाणकारांची मदत हवी आहे.

हडपसरच्या पुढे आमच्या गावाला लागून बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे. हल्ली तिथे रात्रीचे डंपर येतात. सकाळी पाहावं तर काठावर फुटक्या टाइल्स, पीओपीचे तुकडे, विटांचा चुरा आणि त्यातूनच वाट काढणारे शेकाटे. पक्षी चरतात तो उथळ भागच आधी बुजवतायत. खोल पाणी भरायला गाड्या जास्त लागतात ना!

एका कार्यालयात सांगितलं, हा तलाव सिंचनाचा, म्हणजे पाणथळ नाही, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, पाणथळ आहे म्हणून आमच्याकडे येत नाही. धन्य!

२०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत, हे खरं. पण याला ना कालवा ना चारी. पाणी जिरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. मग हा सिंचनाचा कसा? शिवाय त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने उपग्रह नकाशातल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण दिलं. सव्वादोन हेक्टरांच्या वरच्या जागा आहेत त्यात. आमचा तलाव त्या यादीत असेल, तर नियमातली सूट आड येते का? आणि अर्ज राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे करायचा की जिल्हाधिकाऱ्यांकडे?

प्रतिसाद:
पाणथळ आहे की नाही यात अडकलात तर तोवर तलाव भरून जाईल. यादीत नाव शोधाच, प्राधिकरणाला अर्जही द्या, पण आधी सातबारा काढा. जमीन सरकारी निघाली तर जबाबदारी महसूलची. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत तहसीलदारांना, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. गावतळी बुजवून केलेली अतिक्रमणं पैसे भरून नियमित करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयात जगपाल सिंग खटल्यात २०११ मध्येच ठरलंय. अर्जात तो दाखला द्या. राडारोडा उघड्यावर टाकायला तर कुठेच परवानगी नाही, तिथे सिंचनाची सबब चालत नाही.

पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. मात्र त्याच्या कायद्यातल्या कलम १४ खाली अर्ज करायची मुदत सहा महिन्यांची, तीही वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून; फार तर साठ दिवस वाढवून मिळतात. त्यामुळे डंपर पहिल्यांदा कधी दिसला ते आजच लिहून ठेवा. फोटोत तारीख आणि गाडीचा नंबर दोन्ही यायला हवेत. रात्री एकट्याने जाऊ नका, ही माणसं सरळ नसतात.

सातबाऱ्यावर काय निघतं ते इथे टाका, मग अर्जाचा मसुदा बघू.